शिरगणती फूटपाथवरची

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्या माणसांविषयीचा निकाल दिला. त्यानंतर पाचच दिवसांनी, १५ जुलैला, नैरोबीत संयुक्त राष्ट्रांची तिसरी जागतिक महिला परिषद सुरू झाली. मेक्सिको सिटी आणि कोपनहेगननंतरची ही परिषद म्हणजे महिला दशकाचा समारोप होता. या दोन घटनांचा एकमेकींशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता. पण त्याच वर्षी भायखळ्याच्या रस्त्यांवर बायकांनी जे काम हाती घेतलं, त्यात हे दोन्ही धागे एकत्र आले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते काम दक्षिण आफ्रिकेत, केनियात आणि न्यूयॉर्कपर्यंत पोचलं. मराठी वाचकांच्या अगदी दारातला हा इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही.

सुरुवात १३ जुलै १९८१ची. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवण्यात येईल. भर पावसात पालिकेच्या गाड्या निघाल्या. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसं बसमध्ये भरून शहराबाहेर काढली गेली. सेलम जिल्ह्यातला एक भूमिहीन मजूर १९६१ साली पोटासाठी मुंबईत आला होता. त्याची झोपडी पाडून त्याला बायको-मुलींसह सेलमला धाडण्यात आलं. तिथे काम नव्हतं, म्हणून कुटुंब मागे ठेवून तो एकटाच परत आला. ही हकिगत निकालपत्रातच नोंदलेली आहे. पत्रकार ऑल्गा टेलिस, काही संघटना आणि स्वतः फूटपाथवासी न्यायालयात गेले, आणि चार वर्षांनी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने निर्णय दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं त्या निर्णयाने सांगितलं. भारतीय कायद्याच्या पुस्तकांत हे वाक्य आजही मानाने छापलं जातं. पण त्याच निकालाने पालिकेला फूटपाथ मोकळे करायची मुभाही दिली. अट एवढीच, की रीतसर नोटीस द्यायची आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबायचं.

म्हणजे हातात साडेतीन महिने होते.

भायखळ्यात तेव्हा एक लहानशी संस्था नुकतीच उभी राहिली होती. नाव 'स्पार्क', स्थापना १९८४. शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या काही सहकारी नागपाड्यातल्या समाजकेंद्रात बरीच वर्षं काम करत होत्या. तिथल्या कामाची चौकट त्यांना अपुरी वाटू लागली. बालवाडी, लसीकरण, शिवणवर्ग सगळं होतं, पण केंद्रात येणाऱ्या बायकांची झोपडी दर थोड्या दिवसांनी मोडली जायची आणि त्यावर केंद्राकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी फूटपाथवरच्या बायकांना विचारलं, की आता काय करायचं.

हा प्रश्न बायकांनाच विचारण्यामागे व्यवहार होता. पालिकेची गाडी येते ती दिवसा. पुरुष हमालीला, हातगाडीवर, बांधकामावर गेलेले असतात. झोपडीशी असते ती बाई. भांडी, गोधड्या, रॉकेलचा स्टोव्ह आणि पोरं घेऊन ती समोरच्या फूटपाथवर जाते, गाडी गेली की परत येऊन बांबू रोवते. बांबू, ताडपत्री, पुठ्ठा कुठे किती रुपयांना मिळतो, कुठल्या मुकादमाशी कसं बोलायचं, पाणी कोणाच्या नळावर किती वाजता येतं, हे सगळं तिला ठाऊक असतं. झोपडी तिनेच बांधलेली असते, पुन्हा पुन्हा. पण सरकारच्या कोणत्याही कागदावर ती नव्हती. राज्य सरकारने १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणना करून ओळखपत्रं दिली, तेव्हा फूटपाथवरच्या बहुतेकांची नोंदच झाली नाही. कायद्याच्या लेखी फूटपाथ म्हणजे झोपडपट्टी नव्हे, रस्ता.

निकालानंतर वर्तमानपत्रांत जे छापून येत होतं, त्यावरून वाटावं, की फूटपाथवर कालपरवा आलेले, काही न करणारे, गुन्हेगार लोक राहतात. स्पार्कने ठरवलं, की मोजायचं. भायखळा ज्यात येतो त्या ई वॉर्डातले फूटपाथ आणि शहरातले काही मोठे रस्ते निवडले. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं. ज्यांची मोजणी होणार त्यांनीही त्यात हात घातला. प्रश्न कसे विचारायचे, कुणाकडे आधी जायचं, कोण खरं सांगेल, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? अहवाल इंग्रजीत निघाला. त्याच्या शीर्षकाचा आशय 'आम्ही, न दिसणारे' असा. त्यातून दिसलं ते असं : हे लोक वर्षानुवर्षं, अनेकदा दशकभराहूनही जास्त काळ मुंबईत होते. देशातल्या गरीब, दुष्काळी भागांतून आले होते. घरटी कुणी ना कुणी कामाला जात होतं, आणि बहुतेक चालत जात होते. लोकलच्या तिकिटाचे पैसे वाचले तरच पोट भरत होतं, म्हणून कामाच्या जागेपासून लांब जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. शहर ज्यांना ओझं म्हणत होतं त्यांच्या श्रमावर शहराची हमाली, झाडलोट, धुणीभांडी चालत होती.

मला या अहवालातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती आकड्यांची मालकी. सरकारने आधी जी मोजणी केली होती ती कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे ठरवण्यासाठी. इथे बायकांनी स्वतःला मोजलं, आणि तो कागद घेऊन त्याच अधिकाऱ्यांसमोर बसल्या. १ नोव्हेंबर उजाडला. ज्या सरसकट पाडापाडीची सगळ्यांना धास्ती होती ती झाली नाही. त्याचं श्रेय एकट्या अहवालाला देता येणार नाही. शहरात अनेक संघटना उभ्या ठाकल्या होत्या. पण त्या महिन्यांत भायखळ्याच्या बायकांना एकत्र यायची सवय लागली, ती सुटली नाही.

१९८६ साली या बायकांनी 'महिला मिलन' स्थापन केलं. झुला मैदान, पीरखान स्ट्रीट, सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, वॉटर स्ट्रीट अशा वस्त्या. बिहारच्या मुसलमान बाया, तमिळ, कानडी, मराठवाड्यातल्या दलित बाया शेजारी शेजारी. पहिली लढाई रेशन कार्डाची झाली. पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून राहण्याचा पुरावा नाही, हे चक्र फोडायला बायका जथ्याने रेशनिंग ऑफिसात जाऊन बसू लागल्या. कुणाला पोलिसांनी उचललं तर एकटी न जाता दहा-वीस जणी ठाण्यात जायच्या. बोलायचं काय, याचा आधी सराव करायच्या.

मग बचत. भिशी आपल्या बायकांना नवी नाही. पण भिशीत दरमहा ठरलेली रक्कम द्यावी लागते, आणि ज्या घरात आजची कमाई आजच संपते, तिथे महिन्याचा हिशेब चालत नाही. म्हणून रोजची बचत. वस्तीतलीच एक बाई रोज झोपडी-झोपडीला फिरायची, जे मिळेल ते घ्यायची, एक रुपया, दोन रुपये, कधी काहीच नाही. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा खातं कसं ठेवायचं? प्रत्येकीच्या नावाची एक प्लास्टिकची पिशवी केली. त्यात रंगीत कागदाचे चौकोन, एका रंगाचा अर्थ एक रुपया, दुसऱ्याचा दोन, तिसऱ्याचा पाच. पिशवी उघडून ओतली, की हिशेब डोळ्यांसमोर. या पैशांतून अडीअडचणीला कर्ज मिळायचं : मूल आजारी, धान्य संपलं, नवऱ्याची हातगाडी जप्त झाली. कुणाला किती द्यायचं हे गटच ठरवायचा. सावकाराच्या दारातून बायका सुटल्या, हे खरंच. पण रोजच्या या फेरीचा आणखी एक उपयोग होता. कुणाच्या घरात काय चाललंय, कोण मार खाते आहे, कुणाची मुलगी शाळेतून काढली, हे त्या गोळा करणारीला रोज कळायचं.

त्या काळात विकासक्षेत्रात स्त्रियांविषयी मोठा वाद चालू होता. १९८४ साली बंगळुरूत देवकी जैन यांच्या पुढाकाराने तिसऱ्या जगातल्या स्त्री-अभ्यासक एकत्र आल्या होत्या. 'डॉन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या गटाने नैरोबीत मांडलं, की स्त्रियांना विकासात सामावून घ्या, ही मागणीच अपुरी आहे. त्या आधीपासूनच त्यात राबताहेत, प्रश्न आहे तो विकास कोणत्या दिशेने चालला आहे याचा. गीता सेन आणि कॅरेन ग्रोन यांनी लिहिलेली ती मांडणी आजही वाचावी अशी आहे. पुढे कॅरोलिन मोझर यांच्यासारख्या अभ्यासकांनी बायकांच्या गरजांचे दोन प्रकार सांगितले. पाणी, घर, रेशन या व्यावहारिक गरजा. आणि सत्तेचं नातं बदलणाऱ्या त्या धोरणात्मक. नियोजनाच्या वर्गात ही विभागणी उपयोगी पडली असेल. फूटपाथवर ती टिकत नाही. ठाण्यात आणि रेशनच्या कचेरीत बोलायला शिकलेली बाई घरी येऊन मुकी राहत नाही. मुंबईतल्या स्त्री-संघटना तेव्हा बलात्कार, हुंडा, कायदेबदल यांवर झुंजत होत्या, आणि त्या झुंजीचं मोल कमी नाही. महिला मिलनच्या बायकांकडे ती भाषा नव्हती. त्यांनी घरापासून सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे घर नव्हतं. मी या कामाला स्त्रीवादी म्हणते, आणि त्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

घराची गोष्ट तपशिलात सांगण्यासारखी आहे. पालिकेचं नेहमीचं उत्तर ठरलेलं, की मुंबईत जागाच नाही. बायकांनी शहराचा विकास आराखडा समजून घेतला. गरिबांच्या घरांसाठी राखीव असलेले भूखंड नकाशावर पाहिले आणि बसमधून जाऊन ते डोळ्यांनी बघून आल्या. जागा होती. मग प्रश्न आला, घर कसं हवं? बायका शहरातली निरनिराळी घरं बघत फिरल्या, चाळी, वसाहती, बांधकामं. कागदावर चित्र काढण्याऐवजी त्यांनी पूर्ण मापाची घरं लाकूड आणि कापड वापरून उभी केली, आत जाऊन बसल्या, चूल कुठे, हंडा कुठे, रात्री कोण कुठे झोपणार ते करून पाहिलं. त्यातून ठरलं, की खोली लहान चालेल, पण उंची चौदा फूट हवी, म्हणजे पोटमाळा काढता येईल. जमीन मिळत नाही तर वरची हवा तरी वापरू. संडास मात्र घराच्या आत नको, तीन-चार कुटुंबांत मिळून एक बाहेर असू दे. वास्तुविशारदांना हे पटत नव्हतं. बायकांचं म्हणणं साधं होतं : पाण्याचा भरवसा नसताना एवढ्याशा खोलीत संडास म्हणजे जेवायच्या जागेत घाण. ही घरं त्यांनी रस्त्यावर प्रदर्शनात मांडली. अधिकारी आले, दुसऱ्या वस्त्यांतल्या बायका आल्या, आणि समजावून सांगणाऱ्या याच बायका होत्या.

या सुमारास त्यांना सोबत मिळाली ती नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनची. तिचे नेते जोकिन अर्पुथम हे १९७६ साली उठवल्या गेलेल्या जनता कॉलनीचे. आणीबाणीत सुमारे ७०,००० माणसांची ती वसाहत पाडली गेली आणि लोकांना चिता कॅम्पला हलवलं गेलं. मोर्चे, घेराव, कोर्ट सगळं करून जोकिन या निष्कर्षाला आले होते, की वस्तीकडे स्वतःची माहिती, स्वतःचा पैसा आणि स्वतःचा आराखडा असल्याशिवाय सरकार ऐकत नाही. फेडरेशन तोवर पुरुषांचं होतं. महिला मिलनशी जोडल्यावर बचतीचा आणि घराचा कारभार बायकांच्या हाती गेला. तो बदल सहज झाला नसणार.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. स्पार्कच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकारी लातूर-उस्मानाबादकडे वळल्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था तिथे वाढली. जागतिक बँकेच्या पैशातून चाललेल्या दुरुस्ती कार्यक्रमात शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. भिंतीला लोखंडी पट्टा कसा बांधायचा, पैसा कुठे अडला, हे त्या गावाला आणि कचेरीला सांगत होत्या. २००१मध्ये भुजला भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या याच बायका तिथल्या बायकांकडे गेल्या. तज्ज्ञांचं पथक जातंच. पण ढिगाऱ्यातून स्वतः उभी राहिलेली बाई दुसरीजवळ बसते, तेव्हा ती काय सांगू शकते ते कुठल्याच पथकाला सांगता येत नाही.

त्याआधीच हे काम देशाबाहेर पोचू लागलं होतं. १९९१च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रोएडरस्ट्रूमला झोपडीवासीयांची एक बैठक झाली. मंडेला तुरुंगाबाहेर येऊन वर्ष झालं होतं, सत्तांतर दिसू लागलं होतं. तिथल्या लोकांची आशा स्वाभाविक होती : आपलं सरकार आलं, की घरं मिळतील. भारतातून गेलेल्यांनी त्यांना सांगितलं, की आम्हाला स्वातंत्र्य मिळून चाळीसहून अधिक वर्षं झाली आणि आमच्या बायका अजून फूटपाथवर आहेत. सरकार येण्याआधी तयारी करा. हे ऐकणं सुखाचं नव्हतं. पण त्यांनी ऐकलं, मुंबईत आले, भायखळ्याच्या फूटपाथवर बसून बचतीचा हिशेब पाहिला. मग महिला मिलनच्या बायका विमानाने दरबान, केप टाउनच्या वस्त्यांत गेल्या. ज्यांच्याकडे काल-परवापर्यंत रेशन कार्ड नव्हतं त्यांच्या हातात आता पासपोर्ट होता. भाषा एकमेकींना येत नव्हती. दुभाष्यातून आणि हातवाऱ्यांतून काम चाललं. झोपड्यांवर खडूने नंबर घालणं, नकाशा काढणं, रोजची बचत गोळा करणं, पूर्ण मापाचं घर उभं करून बघणं.

१९९४ साली तिथे होमलेस पीपल्स फेडरेशन उभं राहिलं. सदस्यांत बहुसंख्य बायका. नव्या सरकारचे गृहनिर्माण मंत्री जो स्लोव्हो यांनी त्यांच्या 'उत्शानी' निधीला १ कोटी रँड देऊ केले. सरकारी अनुदान कुटुंबामागे जास्तीत जास्त १५,००० रँड होतं. त्यात ठेकेदार जेवढं घर बांधत, त्याहून बरंच मोठं घर या बायका स्वतः विटा पाडून, स्वतः देखरेख करून बांधत होत्या. १९९६ साली या संघटनांचं आंतरराष्ट्रीय जाळं, 'स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल', तयार झालं. नामिबिया, झिम्बाब्वे, फिलिपिन्स, केनिया असे देश जोडले गेले. तोवर परदेशी मदतीची रीत ठरलेली होती : पैसा आणि सल्लागार उत्तरेकडून येणार, गरिबाने शिबिरात बसून शिकायचं. इथे गरीब बाई गरीब बाईकडून शिकत होती, आणि पैसा देणाऱ्या संस्थांना विमानाच्या तिकिटांचा खर्च समजावून सांगावा लागत होता. ती तिकिटं ही चैन आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला गेला. सल्लागाराच्या तिकिटावर तो कुणी घेत नाही.

जून २००१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात घरांच्या प्रश्नावर महासभेचं विशेष अधिवेशन भरलं. या बायकांनी त्या इमारतीच्या प्रवेशदालनातच पूर्ण मापाचं घर आणि लहान मुलांचा संडास उभा केला. सरचिटणीस कोफी अन्नान तिथे आले, बायकांच्या गराड्यात उभे राहिले. अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईच्या या चळवळीवर लिहिलेल्या निबंधात तो प्रसंग नोंदवला आहे. मुंबई-पुण्यात संडास मेळे आधीच भरले होते. पुण्यात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात शेकडो सार्वजनिक शौचालयं बांधली गेली, आणि त्यांतल्या काहींच्या ठेकेदार महिला मिलनच्या बायका होत्या. ज्या गोष्टीचा उच्चार करायला सभ्य समाज लाजतो, तिचा मेळा भरवून त्यांनी मंत्र्या-अधिकाऱ्यांना उद्घाटनाला बोलावलं. मुलांसाठी वेगळा, लहान संडास ही त्यांचीच सूचना. रांगेत मोठी माणसं मुलांना पुढे जाऊ देत नाहीत आणि मूल शेवटी गटारावर बसतं, हे आईलाच माहीत असतं.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हलवायचा प्रकल्प आला, तेव्हा वस्त्यांनीच मोजणी केली, गट पाडले, आणि २००१च्या मध्यापर्यंत १०,०००हून अधिक कुटुंबं रुळांपासून दूर गेली. जबरदस्ती न होता झालेलं एवढं मोठं स्थलांतर भारतात क्वचितच घडलं असेल. नैरोबीच्या रेल्वे अधिकाऱ्यांनी आणि तिथल्या झोपडीवासीयांनी ते मुंबईत येऊन पाहिलं आणि किबेरा या नैरोबीतल्या झोपडपट्टीच्या मोजणीत वापरलं. पण जागतिक बँकेच्या पैशातून चाललेल्या त्याच प्रकल्पात रस्त्यांचीही कामं होती, आणि त्यांच्यामुळे उठवलेल्या दुकानदारांनी बँकेकडे तक्रार केली. बँकेच्या तपास पथकाने पुनर्वसनातल्या त्रुटी दाखवल्या, आणि २००६मध्ये बँकेने त्या कामाचा पैसा काही महिने थांबवला. सरकारचं काम स्पार्कसारख्या स्वयंसेवी संस्थेच्या खांद्यावर टाकलं, की चुकीचा जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न तेव्हा उघडा पडला. २००४-०५च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरले; मेधा पाटकरांसोबत 'घर बचाओ घर बनाओ' आंदोलन रस्त्यावर उतरलं. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांनी पुरेसा आवाज केला नाही, असा राग तेव्हा अनेकांच्या मनात होता. तो राग मला अनाठायी वाटत नाही. धीराने बोलणी करणाऱ्यांना आणि रस्ता अडवणाऱ्यांना या शहरात एकमेकांची गरज होती, आणि ते एकमेकांपासून दूरच राहिले.

फूटपाथवासी पुनर्वसनाला पात्र आहेत, हे सरकारने प्रथम मान्य केलं ते १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत. १ जानेवारी १९९५पूर्वीचा पुरावा हवा होता, आणि ज्यांनी दहा वर्षं रेशन कार्डासाठी भांडण केलं होतं त्यांच्याकडे तो होता. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करायचा नियमही त्याच योजनेचा. भायखळ्याची अनेक कुटुंबं मानखुर्दला गेली. त्यांच्या एका सोसायटीचं नाव मिलन नगर. पाडापाडीची धास्ती संपली. पण मोजणीने १९८५ सालीच सांगितलं होतं, की ही माणसं कामावर चालत जातात, आणि मानखुर्दहून भायखळ्याला चालत जाता येत नाही. धुणीभांड्याची कामं सुटली, लोकलचा पास आला, पंपाचं आणि लिफ्टचं बिल आलं. मुंबईतल्या पुनर्वसनाच्या अनेक इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या गेल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. चौदा फुटी छताचं घर फार थोड्यांच्या वाट्याला आलं. बायकांनी कापड आणि लाकूड लावून जे मागितलं होतं, ते बांधायला आलेल्या बिल्डरांनी कधी वाचलं नव्हतं, आणि वाचायला लावणारा नियम आजही झालेला नाही.